कोल्हापुरात लग्न आहे, ५५ पाहुणे येतायत, तीन दिवसांत त्यांना काय काय दाखवू?

वैदर्भी_लेक

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरमध्ये कोल्हापूरला आहे, नवरदेव तिथलेच. आमचं सगळं माहेर नागपूरचं, मी स्वतः पुण्यात असते आणि कोल्हापूरला आयुष्यात एकदाच गेलेय, तेही सकाळी दर्शन घेऊन दुपारी परत. आता आईबाबांनी पाहुण्यांची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकलीय. ३८ जण महाराष्ट्र एक्स्प्रेसने गुरुवारी दुपारी पोचणार, अख्खा दिवस-रात्र गाडीत काढून, बाकीचे पुणे-मुंबईहून येणार आणि मावसभाऊ अमेरिकेतून बायकोला घेऊन येतोय, ती तिकडचीच आहे, भारतात पहिल्यांदाच येतेय. शुक्रवारी संध्याकाळी हळद, शनिवारी दुपारचा मुहूर्त, रविवार पूर्ण मोकळा, सोमवारी परतीची गाडी. म्हणजे शुक्रवार सकाळ आणि अख्खा रविवार हातात आहे.

माणसं सगळ्या प्रकारची आहेत. आजी ८१ वर्षांची, गुडघे अजिबात चालत नाहीत. चार मुलं दहा वर्षांच्या आतली. एक मोठे काका आहेत ते तरुणपणी आखाड्यात जायचे, त्यांना फक्त कुस्तीचं कोल्हापूर बघायचंय. आत्याला चपला आणि साज. सात-आठ जण पक्के शाकाहारी. मी अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर असं सगळं एका कागदावर लिहिलंय आणि एक बस ठरवायची म्हणतेय. बरोबर करतेय ना? ते किरणोत्सव म्हणतात तो पण बघायला मिळेल का?

घाटवाट

अभिनंदन ताई. पन्हाळा काहीही झालं तरी सोडू नका, बाकी काय करायचं ते करा. शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, डिसेंबरात हवा मस्त असते.

मंगळवारपेठकर

ताई सगळ्यात आधी तो कागद बाजूला ठेवा. राग मानू नका पण आम्ही कोल्हापूरकर हे दर लग्नात बघतोय, पाहुण्यांना पहाटे उठवून बसमध्ये कोंबतात, देवळाच्या रांगेत दोन तास, मग पॅलेस, मग पन्हाळ्यावर धावतपळत, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री सगळ्यांचे पाय सुजलेले, आणि घरी गेल्यावर सांगतात की कोल्हापुरात देऊळ आणि तळं आहे. कोल्हापूर पेठांमधून चालत बघायचं गाव आहे. देवळापासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरात इतकं आहे की तुमची शुक्रवारची सकाळ कमी पडंल.

किरणोत्सवाचं सांगतो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी पायावर, मग कंबरेपर्यंत, मग मुखावर. हे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, असं वर्षातनं दोनदा होतं. डिसेंबरात न्हाई. पण तुमची हळद शुक्रवारी आहे ना, मग दर शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते देवळाच्या आवारात, ती बघा. हळद आवरून ज्यांना झोप येत नाही त्यांनी सरळ चालत जायचं. चौघडा, चोपदार, पायघड्या, पालखीवर फुलं पडतायत, गर्दी असली तरी रांगेसारखी ढकलाढकली नसते. अमेरिकेच्या वहिनींना हेच दाखवा.

वैदर्भी_लेक

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आमच्या होणाऱ्या व्याह्यांनी पण नाही! पण आजीचं दर्शन कसं करायचं? तिला रांगेत उभं करणं शक्यच नाही आणि दर्शन झालं नाही तर ती मला माफ करणार नाही.

पंचगंगेकाठी

मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती भराभर सरकते, गाभाऱ्यासमोर थोडं लांबून पण व्यवस्थित दिसतं. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून जा म्हणजे तुमच्यासाठी गुरुवार संध्याकाळ किंवा शनिवारी अगदी पहाटे. माझ्या सासूबाईंना मी पहाटे नेलं होतं, काकडआरतीच्या वेळेला, थंडीत दगड गार लागत होता पायाला पण आत शिरल्यावर धूप आणि तुपाच्या दिव्यांची अशी ऊब होती की त्या तिथंच खांबाला टेकून बसल्या आणि उठायलाच तयार नव्हत्या. आजीला खाली बसता येत नसेल तर घडीची खुर्ची बरोबर ठेवा.

आणि दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका. देवळाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंतीवर योगिनी, वादक, नर्तकी आहेत काळ्या दगडात, लोक चपलांच्या काळजीत असतात आणि मान वर करून बघतच नाहीत.

सुगरण_मावशी

जेवणाचं कोणी बोललं नाही अजून. नागपूरची माणसं सावजी खाऊन मोठी झालेली, त्यांना आमचा तांबडा रस्सा काय तिखट लागणार आहे! बाहेर उगाच समज आहे की कोल्हापुरी म्हणजे नुसतं लालभडक जाळ. आमची चव कांदा-लसणाच्या चटणीची आहे. पांढरा रस्सा तर पोटाला शांत करणारा, मटणाचं पाणी म्हणजे अळणी, त्यात ओल्या नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, वरून तुपात खडा मसाला. पहिल्यांदा आलेल्या माणसाला आधी वाटीभर पांढरा द्या, मग तांबडा. अमेरिकेच्या सूनबाईंना पण हाच क्रम.

शाकाहारींसाठी अख्खा मसूर आणि भाकरी, खर्डा, दही. मिसळ सकाळीच खायची, दुपारी नाही. इथं मिसळीबरोबर पाव नाही तर ब्रेडचे स्लाइस येतात, नागपूरकरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तक्रार नको. आणि तुम्ही तर्री म्हणता त्याला आम्ही कट म्हणतो. कट वेगळा मागायचा. फडतरेंच्याकडं गर्दी फार असते, ५५ माणसं एकदम घेऊन जाऊ नका, आठ-दहाच्या टोळ्या करा आणि बावड्याला, खासबागेला, जिथं जवळ पडेल तिथं पाठवा. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ, रात्री सोळंकीचं कॉकटेल आइस्क्रीम. मुलं खूश.

दूरदेशी

मी २२ वर्षं डब्लिनला आहे, माहेर कोल्हापूर. इथल्या मैत्रिणींना घेऊन गेले होते तेव्हाचं सांगते. त्यांना सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं तर गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी आणून उभ्या केलेल्या, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात. पैलवान पोरं येतात, म्हातारी माणसं येतात, ऑफिसला जाणारे स्कूटर थांबवून पितात. मी लहान असताना बाबांबरोबर जायचे, ओठावर फेसाची मिशी यायची आणि दूध कोमट असायचं, गाईम्हशीच्या अंगाइतकं. ती कोमट चव मला अजून आठवते.

निवांत_डॉक्टर

दूधकट्टा जरूर दाखवा, पण एक डॉक्टर म्हणून सांगावंसं वाटतं. कच्चं दूध लहान मुलं, गरोदर बायका आणि ८१ वर्षांच्या आजी यांना देऊ नका. सवय नसलेल्या परदेशी पाहुण्यांना तर नकोच, लग्नाच्या आदल्या दिवशी पोट बिघडलं तर कार्य राहील बाजूला. बघायला न्या, फोटो काढा, आणि प्यायचं असेल तर तेच दूध पातेल्यात घेऊन या आणि उकळून द्या.

मंगळवारपेठकर

डॉक्टर, आम्ही लहानपणापासनं पितोय, पण पाहुण्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. पातेलं घेऊन जा ताई.

आता तुमच्या काकांचं. खासबाग मैदान. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघितलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांना पाहिजे म्हणून १९१२ साली हे बांधून घेतलं. मधे खोल हौद, भोवती चढत जाणारी बैठक, कुठूनही बसा कुस्ती तेवढीच दिसते, कुणाचं डोकं मधे येत न्हाई. रिकाम्या मैदानात उभं राहून बघायला सांगा काकांना. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर अशी माणसं या गावच्या मातीत घडली. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, महाराजांनीच १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री आम्ही अर्धी पेठ रस्त्यावर होतो, म्हातारे नट-गायक भिंतीकडं बघून लहान मुलासारखे रडत होते. पाहुण्यांना बाहेरून का हुईना दाखवा आणि सांगा हे काय होतं.

नुसतं मैदान बघून काकांचं मन भरणार न्हाई. तालमीत न्या, गंगावेस तालीम, मोतीबाग, शाहूपुरी. पहाटे किंवा संध्याकाळी सरावाच्या वेळेला. आधी वस्तादांची परवानगी घ्यायची, चपला बाहेर, बायकामाणसं येणार असतील तर तेही विचारायचं, प्रत्येक तालमीची रीत वेगळी. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, दारातच तो वास येतो. काका वासावरूनच ओळखतील.

घाटवाट

सगळं मान्य, पण पन्हाळ्याचं काय? तुम्ही पेठांमधनं बाहेरच पडेनात :)

ताई, रविवार पन्हाळ्याला द्या. १६६० साली शिवाजी महाराज इथं सिद्दी जौहरच्या वेढ्यात चार महिने अडकले होते आणि आषाढातल्या त्या पावसाच्या रात्री विशाळगडाकडं निसटले, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. पण तटावर उभं राहून खाली बघितलं की मगच कळतं की वेढा म्हणजे काय आणि अंधारात त्या उतारावरनं पालखी घेऊन धावणं म्हणजे काय. बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशीदचा आहे. शिवा काशीद कोण हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा, महाराजांचा वेष घेऊन मरायला गेलेला माणूस, म्हणजे पुतळ्यासमोर ती शांत उभी राहतील. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबारखाना आणि सज्जाकोठी इतकं बास. अंबारखान्याची धान्याची कोठारं आत जाऊन बघा, गंगा, यमुना, सरस्वती नावं आहेत, आत हाक मारली की आवाज घुमतो. कवी मोरोपंतांचा जन्म पण पन्हाळ्यावरचाच, १७२९ चा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात पन्हाळा आहे, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढलीय. म्हणून सकाळी आठच्या आत गडावर पोचा. दुपारी झुणका-भाकर, मडक्यातलं दही आणि खाली.

आजीला पण नेता येईल, बऱ्याच ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते.

पंचगंगेकाठी

पन्हाळ्याहून येताना जोतिबा वाटेतच म्हणावा इतका जवळ. नवरानवरीला लग्नानंतर देवाला जायचंच असतं, आमच्याकडं वावरजत्रा म्हणतात, अंबाबाई आणि जोतिबा. तुमचे व्याही तेव्हा कसे जाणार आहेत ते विचारा, सगळ्यांनी मिळूनच गेलात तर बहिणीला माहेरची माणसं बरोबर असल्याचं बरं वाटेल. गुलालानं पांढरे कपडे कामातून जातात तेवढं सांगून ठेवा. पायऱ्या आहेत, आजीसाठी विचार करा.

वाडी आणि खिद्रापूर मात्र यातनं काढा. दोन्ही सुंदर आहेत, पण वेगळ्या दिशेला आहेत, खिद्रापूर साठेक किलोमीटर. आणि डिसेंबरात दत्तजयंती येते, तुमची तारीख तिच्या आसपास असेल तर वाडीला पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना एक दिवस जास्त राहता येतंय त्यांनी सोमवारी जावं. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप आहे ना, ४८ खांब आणि वर मधोमध गोल मोकळं आकाश, खाली बरोबर तेवढाच गोल दगड. दुपारी त्या दगडावर उन्हाची चकती पडते. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा तासभर त्या चकतीचं सरकणं बघत बसले होते. येताना वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी.

वैदर्भी_लेक

डोळे भरून आले वाचताना, खरंच. इतकं कोणी करतं का अनोळखी माणसासाठी. खिद्रापूर काढलं, जड मनाने. मावसभाऊ आणि वहिनी मंगळवारपर्यंत आहेत, त्यांना सोमवारी तिकडे पाठवते.

आता शुक्रवार सकाळचा मार्ग कोणी सांगाल का, चालत? आणि आत्याच्या चपला, साज?

मंगळवारपेठकर

सांगतो, लिहून घ्या. बस किंवा गाड्या बिंदू चौकात सोडायच्या. तिथं उतरल्या उतरल्या दोन पुतळे दिसतील, महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर. ९ डिसेंबर १९५० ला बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. तुमचं नागपूर दीक्षाभूमीचं, तुमच्या माणसांना हे मी वेगळं सांगायला नको, पण बसमधनं गेला असता तर दिसलंच नसतं. शेजारी जुन्या तटबंदीचा बुरूज.

तिथनं भवानी मंडप. तिथनं देवळाच्या मागच्या अंगानं आवारात, बाहेरून फेरी, मग महाद्वारातनं बाहेर. महाद्वार रोडला बायका अर्धा तास घेणारच, तो धरून चाला. बिनखांबी गणपती, नावाप्रमाणं आत एकही खांब नाही. मग गुजरी. साज बघायचा तर गुजरीतच. अस्सल साजात २१ पानं असतात, त्यातली दहा दशावतारांची, मधे जवाएवढे मणी. आत्यांना सांगा घ्यायचा नसला तरी बसून बघा, कारागीर हौसेनं एकेक पान दाखवतात, मासा, कासव करत. मग चप्पल लाईन.

दुपारी उन्हात टाऊन हॉल म्युझियम. ही जागा कोणी सांगत न्हाई. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठाला, १९४५-४६ ला उत्खनन झालं, सातवाहनकाळातलं गाव निघालं. त्या टेकडीवर सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची वीतभर ब्राँझची मूर्ती या म्युझियममध्ये आहे. समुद्र किती लांब आणि दोन हजार वर्षांपूर्वी तो देव आमच्या नदीकाठी आलेला. तुमच्या अमेरिकेच्या वहिनींना त्या मूर्तीसमोर उभं करा. सोमवारी बंद असतं, म्हणून शुक्रवारीच.

न्यू पॅलेस मी मुद्दाम शेवटी सांगतोय. मेजर मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं आखलेला, १८८४ ला पुरा झाला, घड्याळाचा मनोरा, आतला दरबार हॉल बघण्यासारखा, रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. मुलांना शिकार केलेले पेंढा भरलेले प्राणी आवडतात. पण वेळ कमी पडला तर पॅलेस सोडा आणि दसरा चौकात जावा. तिथं वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं आहेत, शाहू महाराजांनी गरिबांच्या पोरांनी शिकावं म्हणून उभी केलेली. २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्याचा हुकूम याच राजानं काढला. माझे पणजोबा असल्याच एका बोर्डिंगात राहून चौथीच्या पुढं शिकले, घरातले पहिले. त्या बोर्डिंगाच्या दारात थांबून मी हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

कुरुंदवाडची_सून

चपलेबद्दल मी सांगते, सासरी चर्मकारांची घरं शेजारी होती, बघत बघत शिकले. खिळा नको. अस्सल कोल्हापुरीला तळ कातडी वादीनं शिवलेला असतो, उलटी करून बघायची, टाके दिसले पाहिजेत. तळ वाकवला की करकरला पाहिजे पण तडा जायला नको. वास कातड्याचा आणि बाभळीच्या सालीचा येतो, केमिकलचा येत नाही. नवी चप्पल घट्टच घ्यायची, पाय धरते मग सैल होते. पहिले चार दिवस पट्ट्याला आतून खोबरेल तेल, आणि घरातल्या घरात घालायची. आत्यांना लग्नाच्या दिवशी नवी कोरी कोल्हापुरी घालू देऊ नका, अंगठ्याला हमखास फोड येतो. कापशी घ्या नाहीतर कानवाली घ्या. २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. घासाघीस करा पण फार नको हो, एका जोडामागे कातडं कमावण्यापासून किती दिवस जातात ते मी पाहिलंय.

सुगरण_मावशी

एक राहिलं! डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं चालू. पन्हाळ्याच्या रस्त्याला, कुठंही उसाच्या पट्ट्यात धूर दिसला की गाडी थांबवा आणि विचारा, आत या म्हणतातच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ चं जीआय आहे आणि शाहूपुरी ही पेठच मुळात महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली.

काय बघायचं ते सांगते. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं घालत असतात. रानभेंडीचा चिकट रस त्यात घालतात मग सगळी मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. रस आधी हिरवट-राखाडी, मग पिवळा, मग सोन्यासारखा, आणि बुडबुडे मोठे मोठे होत जाड फुटायला लागतात. गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटात गोळी करून बघतो, गोळी झाली की आरोळी, आणि सगळे मिळून काहील उचलून वाफ्यात ओततात. त्या वेळी मुलांना लांब धरा, फार गरम असतं. मग तो कोमट मऊ गूळ शेंगदाण्याबरोबर पानावर. जाताना काकवीची बाटली प्रत्येक घराला एक, लग्नाची भेट म्हणून याच्याहून चांगलं काही नाही.

सांजवेळ

रंकाळ्याला कोणी नीट न्याय दिला नाही. भेळेच्या गर्दीत नका जाऊ, शालिनी पॅलेसच्या बाजूनं जा, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी. आजीला बाकावर बसवा आणि तिला नंदीची गोष्ट सांगा, तळ्याकाठचा नंदी दरवर्षी कणभर पुढं सरकतो आणि कणभर मागं येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. माझी आजी मला सांगायची, मी दर सुट्टीत जाऊन नंदी किती सरकला ते बोटांनी मोजून यायचे. गुरुवारी प्रवासानं दमलेल्या माणसांना दुसरं काही करायची ताकद नसते, त्यांना एवढंच द्या.

खरीकॉर्नर

माझ्याकडून एकच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं शिल्प आहे. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी या गावात सुरू झाली, नंतर १९३३ ला पुण्याला गेली. त्याआधी इथं सिनेमे काढले ते बाबूराव पेंटरांनी. सिनेमावेड्या पाहुण्यांना पाच मिनिटं तिथं थांबवा.

वैदर्भी_लेक

सगळं उतरवून घेतलंय. पाच टोळ्या केल्या, प्रत्येकीला एक कोल्हापूरचा मुलगा-मुलगी, नवरदेवाची चुलत-मावस भावंडं. लग्न झालं की इथे येऊन सांगते काय काय जमलं.

वैदर्भी_लेक

मंडळी, लग्न छान पार पडलं. आज पुण्यात परत आलेय, पाय अजून दुखतायत पण आधी इथे लिहिते.

गुरुवारी रंकाळा आणि आजीचं मुखदर्शन. घडीची खुर्ची नेली होती. आजी देवीसमोर एक शब्द बोलली नाही, फक्त हात जोडून बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली आता लग्नात मला स्टेजवर नाही नेलं तरी चालेल.

शुक्रवारी पायी फिरणं दीड वाजेपर्यंत चाललं, टाऊन हॉल म्युझियमला जेमतेम पोचलो. वहिनी पोसायडनसमोर खरंच थांबून राहिली, आणि मग मला म्हणाली की मला वाटलं होतं मी या गावात येणारी पहिलीच लांबची पाहुणी. न्यू पॅलेस राहिला. दसरा चौकात नवरदेवाच्या मावसबहिणीने बोर्डिंगांची माहिती सांगितली, तिचेही आजोबा तिथलेच निघाले. रात्री हळदीच्या कपड्यांतच चौदा जण पालखीला गेलो, पिवळ्या हातांनी. तिथल्या एका आजींनी वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, काही न विचारता.

रविवारची बस मात्र दीड तास उशिरा आली. ज्यांच्याकडून ठरवली होती ते आधी फोन उचलेनात, मग म्हणे ड्रायव्हर बदलला. आठऐवजी दहाला गडावर पोचलो, गर्दी झालेली, सज्जाकोठीला आत जाता आलं नाही आणि आजीला जोतिबाला नेण्याचं सोडून दिलं. मला फार वाईट वाटलं, इतकं सगळं बसवलं होतं. पण येताना एका गुऱ्हाळापाशी थांबलो, आणि आजीला गाडीच्या दारातच त्यांनी पानावर गरम गूळ आणून दिला, स्वतः गुळव्याने. ती म्हणाली तिच्या माहेरी, वर्ध्याकडे, तिच्या लहानपणी असाच पानावर मिळायचा. आईला पण हे माहीत नव्हतं.

आणि काका. शुक्रवारी पहाटे मी स्वतः त्यांना तालमीत घेऊन गेले, वस्तादांना आदल्या दिवशी विचारलं होतं, मी दारातच थांबले. काकांनी चपला काढल्या, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि कडेला उभे राहिले. सोळा-सतरा वर्षांची दोन पोरं डाव करत होती, एकाचा पाय चुकीचा पडत होता, काका बघत होते, बघत होते, आणि न राहवून म्हणाले, बाळा गुडघा आत घे. सगळी तालीम थांबली. मला धस्स झालं. वस्तादांनी काकांकडे बघितलं आणि म्हणाले, दाखवा की. काका ६८ वर्षांचे आहेत, शर्ट काढून आखाड्यात उतरले. दहा मिनिटं त्या पोराला तो एकच डाव दाखवत होते. बाहेर आले तेव्हा पाठ लाल झालेली, आणि कार्यालयात येऊन दोन तास त्यांनी ती माती धुतली नाही, काकू रागावल्या तरी.

आता रोज फोन करून विचारतायत खासबागेत पुढचं कुस्त्यांचं मैदान कधी आहे.

मंगळवारपेठकर

मैदान लागलं की इथंच लिहितो ताई. काकांना म्हणावं हॉटेल बघू नका, आमच्या घरी उतरायचं. पोराचा गुडघा आत आला की न्हाई ते पण बघून जावा म्हणावं.